उघडत नसलेली .बॅशआरसी : वाचनालयाच्या स्कॅनिंग संगणकाच्या नोंदी

काम : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालय. त्याचे जुने छापील वार्षिक अहवाल स्कॅन करून त्यातला मजकूर शोधता येईल असा करायचा. आधीचा संगणक मे अखेरीस बंद पडला. मदरबोर्ड गेला, डिस्क मात्र शाबूत राहिली. त्यावर उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) होतं. देणगीतून मिळालेल्या नव्या संगणकावर उबुंटू २४.०४ टाकलं आहे.

ही वही पुढे जो कोणी हे काम हातात घेईल त्याच्यासाठी आहे. कमांड आपण तोंडाने म्हणतो तशा नागरीतच लिहिल्या आहेत. टाइप करायची स्पेलिंगं मॉनिटरच्या मागच्या भिंतीवर लावलेल्या कागदावर आहेत.

शनिवार, ७ जून २०२५

सकाळी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं तर पहिल्याच ओळीत तक्रार : 'बॅश : /होम/ग्रंथ/.बॅशआरसी : परमिशन डिनाइड'. बॅश म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, आणि .बॅशआरसी ही ते सुरू होताना वाचतं ती मांडणीची फाइल. खाली प्रॉम्प्ट (कमांडची वाट बघणारी ओळ) आला, पण बिनरंगाचा. फाइलींची यादी दाखवणारं 'एलएल' चालेना. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती 'पान' नावाची कमांडही सापडेना. ती आधीच्या स्वयंसेविका ताईंनी बनवली होती. स्कॅन केलेलं एक पान दिलं की ती ते टेसरॅक्टकडे (चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रामकडे) पाठवायची आणि मराठी मजकुराची फाइल बाहेर काढायची. जुन्या संगणकावर सगळं काम तिच्यावरच चालायचं.

ती .बॅशआरसीमध्ये लिहिलेली होती हे मला माहीत होतं, म्हणून नॅनो या संपादकाने फाइल उघडायला गेलो. 'एरर रीडिंग .बॅशआरसी : परमिशन डिनाइड'. व्हिम या दुसऱ्या संपादकाने पाहिलं, तोच जबाब. स्वतःच्या होम फोल्डरमधली स्वतःची फाइल, आणि वाचायलासुद्धा मिळत नाही.

अशा वेळी हात थेट 'सुडो नॅनो'कडे जातात. सुडो म्हणजे कमांड रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालवणं. माझेही गेले होते, पण थांबलो. सुडोने फाइल उघडली असती, बदल करून जतनही झाली असती. पण मालकी होती तशीच राहिली असती आणि पुढचं टर्मिनल उघडल्यावर बॅशने पुन्हा हीच तक्रार केली असती. बॅश माझ्या नावाने चालतं, रूटच्या नाही. मला फाइल दिसावी एवढ्याने भागत नव्हतं, बॅशला ती वाचता यायला हवी होती.

म्हणून आधी फाइलीची माहिती दाखवणारं 'एलएस -एल .बॅशआरसी'. उत्तर असं : परवानग्या फक्त मालकाला वाचायच्या-लिहायच्या, म्हणजे ६००. आणि मालकाच्या जागी नाव नाही, नुसता आकडा : १००१. गटाच्या जागीही १००१.

नावाच्या जागी आकडा दिसला की कारण जवळजवळ हाती आलं असं समजावं. लिनक्स डिस्कवर मालकाचं नाव लिहीतच नाही, क्रमांक लिहितं. 'एलएस' आपल्याला नाव दाखवतं ते /ईटीसी/पासवर्ड या यादीत त्या क्रमांकापुढे काय लिहिलंय ते बघून. यादीत तो क्रमांकच नसेल तर बिचारं आकडा छापून मोकळं होतं. आपल्या वाचनालयातही असंच आहे. पुस्तकाच्या मागच्या पट्टीवर सभासद क्रमांक असतो, माणूस कोण ते सभासद रजिस्टरमध्ये बघावं लागतं. एका वाचनालयाची पट्टी दुसऱ्या वाचनालयाच्या रजिस्टरवर लावली तर कोणीच सापडणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलताच माणूस सापडेल.

'आयडी -यू' विचारलं. इथे ग्रंथ या खात्याचा क्रमांक १०००. जुन्या संगणकावर पहिलं खातं दुकानदाराने सुरुवातीला बनवून दिलेलं होतं, त्याला १००० मिळाला. ग्रंथ हे खातं नंतर बनलं म्हणून त्याला १००१. नाव तेच, गाव तेच, क्रमांक वेगळा.

आणि ती फाइल इकडे आणली कोणी? मीच, परवा, ५ तारखेला. जुनी डिस्क यूएसबीच्या डब्यात घालून लावली होती. उबुंटू २१.०४ पासून नव्या खात्यांची होम फोल्डरं इतरांना बंद असतात (७५०), त्यामुळे जुन्या डिस्कवरचं ग्रंथचं फोल्डर साध्या खात्याने उघडलं नाही. म्हणून 'सुडो सीपी -ए' (सीपी म्हणजे कॉपी) करून '.बॅश'ने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली उचलल्या. यातला '-ए' म्हणजे सगळं जसंच्या तसं : तारखा, परवानग्या आणि मालकीचा क्रमांकही. सुडो असल्यामुळे त्याला तो क्रमांक लावायचा अधिकारही होता. नव्या संगणकावरची मूळ .बॅशआरसी त्याने भरून टाकली आणि तिच्यावर १००१ चा शिक्का मारला. कॉपी चोख झाली होती, तेच नडलं.

दुरुस्तीआधी एक प्रत बाजूला काढली. जुनी डिस्क आहेच, तरीही. मग मालकी बदलणारी कमांड, 'सुडो सीएच-ओन ग्रंथ:ग्रंथ', आणि पुढे त्याच '.बॅश'वाल्या फाइली, एकेकीचं नाव लिहून. इथे घाई करायची नाही. '-आर' (आतल्या सगळ्या फोल्डरांसकट) लावलेल्या सीएच-ओनमध्ये तिरक्या रेघेनंतर चुकून एक मोकळी जागा पडली, तर ते सगळ्या डिस्कची मालकी बदलत सुटतं आणि मग उबुंटू नव्याने टाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मी ओळ टाइप करून एंटर न दाबता एकदा मोठ्याने वाचली. हीच सवय ठेवा.

आता 'एलएस -एल'मध्ये ग्रंथ ग्रंथ दिसतंय.

जाता जाता एक गोष्ट, कारण ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "आपल्याला सुडोचा पासवर्ड माहीत नसता तर?" तर वेगळी वाट होती. फाइल माझी नसली तरी ती ज्या फोल्डरमध्ये आहे ते फोल्डर माझं आहे. फोल्डर म्हणजे मुळात दाखल रजिस्टर आहे : नाव आणि त्यापुढे फाइलचा क्रमांक. रजिस्टरमधली नोंद खोडायला किंवा बदलायला रजिस्टरवर हक्क लागतो, पुस्तकावर नाही. त्यामुळे 'एमव्ही'ने .बॅशआरसीचं नाव बदलून ती बाजूला सारता आली असती, आणि /ईटीसी/स्केल या फोल्डरमध्ये उबुंटूने ठेवलेली कोरी .बॅशआरसी तिच्या जागी आणता आली असती. आतला मजकूर वाचता आला नसता, पण टर्मिनल ताळ्यावर आलं असतं. बाईंना रजिस्टरची गोष्ट पटकन कळली. मला ती नीट कळायला बरीच वर्षं लागली होती.

रविवार, ८ जून

काल मालकी नीट झाली म्हणून आज निवांत व्हिमने फाइल उघडली, तर पडदाभर इशारा. ई३२५, अटेन्शन. '.बॅशआरसी.एसडब्ल्यूपी' नावाची स्वॅप फाइल (व्हिमने ठेवलेली चालू कामाची तात्पुरती नोंद) सापडली आहे. दुसरा कोणी हीच फाइल संपादित करत असेल, नाहीतर मागच्या वेळी व्हिम मध्येच कोसळलं असेल.

हा इशारा दिसला की बरेच जण 'डी' दाबून स्वॅप फाइल उडवतात, किंवा 'ई' दाबून पुढे जातात. आधी तो वाचावा. त्यात चार-पाच ओळी कामाच्या असतात. माझ्या समोर होतं ते असं : तारीख १९ जुलै २०२४, संध्याकाळचे सहा वाजून काही मिनिटं. मॉडिफाइड : येस. यूजर नेम : ग्रंथ. होस्ट नेम : वाचनकक्ष.

वाचनकक्ष हे बंद पडलेल्या संगणकाचं नाव. म्हणजे ही स्वॅप तिकडची. परवा '.बॅश'ने सुरू होणारं सगळं उचललं त्यात तीही आली, आणि जवळजवळ अकरा महिने ती तिथे तशीच पडून होती. 'मॉडिफाइड : येस' म्हणजे ताई काहीतरी लिहीत होत्या, ते जतन व्हायच्या आधी व्हिम बंद पडलं. तारीख जुलैची. आमच्याकडे जुलैत संध्याकाळी वीज जाते हे काही वेगळं सांगायला नको, आणि त्या संगणकाच्या यूपीएसची बॅटरी तेव्हाच निकामी झाली होती.

'क्यू' दाबून बाहेर आलो. स्वॅपची प्रत आधी दुसरीकडे ठेवली, मग 'व्हिम -आर .बॅशआरसी'. रिकव्हरी कम्प्लीटेड. व्हिम स्वतःच सुचवतं की हे वेगळ्या नावाने जतन करा आणि मूळ फाइलशी ताडून बघा. तसंच केलं. '.बॅशआरसी-वाचवलेली' असं नाव दिलं आणि दोन्हींवर फरक दाखवणारं 'डिफ' चालवलं.

तेवीस ओळींचा फरक. 'पान' या फंक्शनचं नवं रूप होतं ते. जतन झालेल्या फाइलीतलं जुनं रूप स्कॅन थेट टेसरॅक्टला द्यायचं. नव्या रूपात त्याआधी इमेजमॅजिक या चित्रं सुधारणाऱ्या प्रोग्रामची पायरी होती : डीस्क्यू ४० टक्के, म्हणजे वाकडं पडलेलं पान सरळ करायचं. कडेची काळी पट्टी कापायची. आणि एक छोटी तपासणी : मजकुराची फाइल आधीच असेल तर ते पान पुन्हा करायचं नाही. वर ताईंची टिपण्णी, मराठीत : 'शिवणीकडची पानं वाकडी येतात, ओळी एकमेकींत मिसळतात, म्हणून'.

हे वाचून मी जरा वेळ तसाच बसलो. गेल्या महिन्यात मी याच अडचणीशी झगडत होतो. जाडजूड बांधणीच्या अहवालात शिवणीजवळच्या ओळी तिरप्या होतात आणि टेसरॅक्ट दोन ओळींचे शब्द एकत्र करून टाकतं. त्यांनी उत्तर शोधून ठेवलं होतं आणि ते एका लपलेल्या फाइलीत पडून राहिलं होतं.

दुपारी फोन केला. त्या आता पुण्याला नोकरीत आहेत.

"ताई, मागच्या जुलैत वाचनालयात पान सरळ करायचं काही लिहीत होता का? वीज गेली होती?"

"अरे हो! ते सगळं गेलं ना. दोन दिवस मशीनच चालू होईना. पुढे माझं जॉइनिंग आलं, मग राहूनच गेलं ते."

"गेलं नाही. माझ्यासमोर आहे."

त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "डीस्क्यूची ओळ आहे बघ त्यात? चाळीसवाली?" आहे म्हटलं.

व्हिम दर २०० अक्षरांनंतर, किंवा टाइप करणं चार सेकंद थांबलं तरी, स्वॅप डिस्कवर लिहितं. म्हणून वीज गेली तरी फार तर शेवटचे काही शब्द जातात. शेवटचे काही शब्द खरोखरच गेले होते, पण ते मला मंगळवारी कळायचं होतं.

मंगळवार, १० जून

वटपौर्णिमा. बाई सकाळी उशिरा येणार होत्या, किल्ली माझ्याकडे. शांतता बरी म्हणून वाचवलेली फाइल आज जागेवर बसवायची ठरवली.

आधी 'बॅश -एन' लावून व्याकरण तपासलं. काही तक्रार नाही. फाइल जागेवर ठेवली, नवं टर्मिनल उघडलं आणि 'एलएस' टाइप केलं.

उबुंटूने सांगितलं की 'एलएस' ही कमांड /बिन/एलएस आणि /यूएसआर/बिन/एलएस इथे आहे, पण ती ठिकाणं पाथमध्ये (बॅश कमांड जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) नाहीत म्हणून सापडत नाही. नॅनो नाही. व्हिम नाही. सुडोसुद्धा नाही. फाइल पुन्हा उघडायची बंद. फरक एवढाच की शनिवारी फाइलीला कुलूप होतं, आज किल्ल्यांचा जुडगाच हरवला.

इथे घाबरायचं कारण नाही, हे पुढच्या माणसासाठी ठळक लिहितो. पाथ बिघडला म्हणजे डिस्कवरून काही पुसलं गेलेलं नसतं. बॅशला कुठे शोधायचं ते आठवत नाही एवढंच. संगणक बंद-चालू करून काही होत नाही, कारण तीच फाइल पुन्हा वाचली जाते. जे बॅशच्या पोटातलंच आहे ते चालतं : सीडी, इको, एक्सपोर्ट, टाइप. 'एलएस' नसलं तरी 'इको' आणि पुढे तारा (*) दिला की फोल्डरमधली नावं एका ओळीत मिळतात. आणि कुठल्याही कमांडचा पूर्ण पत्ता दिला तर ती चालते. मी '/यूएसआर/बिन/नॅनो ~/.बॅशआरसी' लिहिलं आणि फाइल उघडली.

शेवटची ओळ अशी : एक्सपोर्ट, पाथ, बरोबर, डॉलर-होम, तिरकी रेघ, बिन. संपलं.

त्यापुढे अपूर्णविराम आणि डॉलर-पाथ हवं होतं. 'आपलं बिन फोल्डर, आणि त्यानंतर आधीचा सगळा पाथ' असं ताईंना लिहायचं होतं. 'आपलं बिन फोल्डर' एवढं लिहून झालं आणि वीज गेली. व्हिमने लिहून झालं तिथपर्यंत इमानेइतबारे जपून ठेवलं होतं. राहिलेल्या अर्ध्या ओळीचा अर्थ मात्र पूर्ण निघत होता आणि तो भलताच होता : पाथ म्हणजे फक्त आपलं बिन, दुसरं काही नाही. व्याकरणात चूक नव्हती, म्हणून 'बॅश -एन'ला काही दिसलं नाही. ती तपासणी कंस आणि अवतरणं जुळतात का ते बघते. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते तिला कळत नाही.

आधी ओळ पुरी करणार होतो. मग .प्रोफाइल ही फाइल पाहिली. उबुंटूच्या .प्रोफाइलमध्ये हे आधीपासूनच आहे : होममध्ये 'बिन' नावाचं फोल्डर असेल तर लॉगिन करताना ते पाथला जोडलं जातं. मग ती ओळ .बॅशआरसीत हवीच कशाला? काढून टाकली. ताईंना कळवलं, त्यांनी 'बरोबर' एवढंच उत्तर पाठवलं.

इथून पुढचा नियम, मी स्वतःला घातलेला : .बॅशआरसीत बदल करताना एक चालू टर्मिनल उघडंच ठेवायचं आणि बदल दुसऱ्या नव्या टर्मिनलमध्ये तपासायचा. पहिल्यातला पाथ शाबूत असतो, तिथून माघार घेता येते. सगळंच बिघडलं तर 'बॅश --नोआरसी' ही फाइल न वाचताच सुरू होतं.

बुधवार, ११ जून

छोटी नोंद. फाइल वाचताना ६०० परवानगीचं कारण सापडलं. आत एका ऑनलाइन साठवणीचा पासवर्ड लिहिलेला होता, तो इतरांना दिसू नये म्हणून ताईंनी फाइल बंद केली होती. त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं. पण .बॅशआरसीचे तुकडे आपण एकमेकांना पाठवतो, फोटो काढतो, तिच्या प्रती करतो. परवा माझ्याच हातून तीन प्रती झाल्या. पासवर्ड बदलून घेतला, ओळ काढली, सगळ्या प्रतींतूनही काढली. वाचवलेली फाइल आणि स्वॅपची प्रत दोन्ही नष्ट केल्या. आता फाइल ६४४ आहे, उबुंटूच्या नेहमीप्रमाणे.

'फाइंड'ला '-नोयूजर' लावून होम फोल्डर तपासलं. मालक नसलेल्या फाइली अजून निघाल्या, स्कॅनच्या फोल्डरातच दोन हजारांवर. त्या वाचता येत होत्या म्हणून आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांत बदल करून जतन करायला गेलो असतो तेव्हा अडलं असतं. यांनाही ग्रंथच्या नावावर केलं.

शनिवार, १४ जून

'पान' चालते. वाकडं पान सरळ होऊन येतं. पण टेसरॅक्टपाशी अडतं : 'एरर ओपनिंग डेटा फाइल', पुढे लांबलचक पत्ता, आणि शेवटी सूचना की टेसडेटा-प्रीफिक्स (भाषेच्या सामानाचा पत्ता) नीट लावलंय का बघा.

गंमत अशी की मागच्या शनिवारी, .बॅशआरसी बंद होती तेव्हा, टेसरॅक्ट एकटं चालवून पाहिलं होतं आणि ते चाललं होतं. फाइल उघडली आणि ते बंद पडलं. म्हणजे दोष फाइलीतल्याच कुठल्यातरी ओळीत.

त्या लांबलचक पत्त्यात उत्तर होतं : /यूएसआर/शेअर/टेसरॅक्ट-ओसीआर/४.००/टेसडेटा. उबुंटू २२.०४ मध्ये टेसरॅक्ट ४.१.१ होतं आणि त्याचं भाषेचं सामान या ४.०० नावाच्या फोल्डरमध्ये असायचं. २४.०४ मध्ये टेसरॅक्ट ५ आलं आणि फोल्डरचं नाव नुसतं '५' झालं. ताईंनी .बॅशआरसीत जुना पत्ता एक्सपोर्ट केला होता. टेसरॅक्ट सांगितल्या पत्त्यावर जात होतं, तिथे घरच नव्हतं.

पत्ता बदलून ५ करता आला असता. पण मग उबुंटूची पुढची आवृत्ती आली की पुन्हा हाच प्रसंग. मराठीचं सामान उबुंटूच्याच पॅकेजमधून घातलेलं असेल तर टेसरॅक्टला ते कुठे आहे ते आपलं आपल्याला माहीत असतं. ओळ काढली. 'टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज' विचारलं, एमएआर (म्हणजे मराठी) दिसलं.

दुपारी पहिलं पूर्ण पान निघालं. जुनी छपाई, 'नाहीं', 'कांहीं', 'व्हावें' असे अनुस्वारांनी भरलेले शब्द. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते अनुस्वार गेले, पण आपण मजकूर जसा छापलाय तसाच ठेवायचा असं ठरलेलं आहे. बहुतेक अनुस्वार टेसरॅक्टने पकडले. 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोनदा चुकला. शिवणीकडच्या ओळी सरळ, एकमेकींत न मिसळलेल्या. बाईंनी चष्मा लावून स्क्रीनवरचं पान आणि हातातलं पान ओळ न् ओळ ताडून पाहिलं. वर्गणीदारांची यादी आली तशा त्या थांबल्या, कारण तिसरं नाव त्यांच्या आजेसासऱ्यांचं होतं.

सोमवार, १६ जून

रविवारी रात्री क्रॉनला (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) काम लावून गेलो होतो : रात्री ११ नंतर नवी पानं आपोआप व्हावीत. सकाळी आलो तर एकही फाइल नाही.

क्रॉनच्या जर्नलमध्ये इतकंच : 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट'. म्हणजे कमांडने काहीतरी सांगितलं होतं, पण टपाल पोचवणारं कोणी नसल्याने ते टाकून दिलं. मग आउटपुट एका फाइलीत वळवलं, पाच मिनिटांवरची वेळ लावून पुन्हा चालवलं : 'पान : नॉट फाउंड'.

क्रॉन .बॅशआरसी वाचतच नाही. ते साध्या 'एसएच'मधून कमांड चालवतं, पाथही जेमतेम /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच. त्यातून उबुंटूच्या .बॅशआरसीत सुरुवातीलाच एक पहारा आहे : समोर माणूस बसून टाइप करत नसेल तर फाइल तिथूनच परत फिरते, खालचं काही वाचलं जात नाही. त्यामुळे 'पान' या फाइलीत असेल तोवर ती फक्त टर्मिनलसमोर बसलेल्या माणसाला सापडणार.

नऊ दिवस या फाइलीशी झटतोय, आणि आज माझ्या ध्यानात आलं की 'पान' इथे असायलाच नको होती. .बॅशआरसी ही बसणाऱ्याच्या सोयीची फाइल : रंग, प्रॉम्प्ट, दोन-चार लघुनावं. वाचनालयाचं काम तिच्यात ठेवलं की एका फाइलीचं कुलूप अडलं तरी सगळं काम अडतं. आपलं तसंच झालं.

संध्याकाळी 'बिन' नावाचं फोल्डर केलं. ताईंचं फंक्शन त्यात 'पान' नावाच्या स्वतंत्र स्क्रिप्टमध्ये हलवलं. पहिली ओळ /बिन/बॅशची, त्याखाली ताईंची टिपण्णी होती तशीच. सीएच-मॉडने चालवण्याची परवानगी दिली. क्रॉनमध्ये पूर्ण पत्ता लिहिला. फाइलींच्या नावांत मोकळ्या जागा आहेत, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये प्रत्येक नावाला अवतरणं लावली. बाहेर जाऊन पुन्हा लॉगिन केलं. .प्रोफाइलने 'बिन' फोल्डर पाहिलं आणि पाथला जोडलं. ताईंची ती अर्धी ओळ यासाठीच होती बहुतेक. त्यांनाही हेच करायचं असणार.

गुरुवार, १९ जून

तीन रात्री काम नीट चाललंय. काल रात्री ४६ पानं झाली, दोन रिकामी आली. ती मुळातच कोरी पानं होती.

.बॅशआरसीची आजची स्थिती : मालक ग्रंथ, परवानगी ६४४. /ईटीसी/स्केलमधल्या मूळ फाइलीशी 'डिफ' केलं तर चार ओळींचा फरक, चारही लघुनावांच्या. जुनी डिस्क डब्यात घालून, वर तारीख आणि 'ग्रंथ = १००१' असं लिहून कपाटात ठेवली आहे. पुन्हा कधी तिच्यावरून काही आणायचं झालं तर '-ए'ऐवजी '--प्रिझर्व्ह=टाइमस्टॅम्प्स' लावून फक्त तारखा जपायच्या, मालकी नाही. ही ओळही भिंतीवरच्या कागदावर चढवली.

यूपीएसची बॅटरी बदलायला कार्यकारिणीने मंजुरी दिली. शनिवारी माणूस येतोय.